इंटरव्ह्यूनंतरचा थँक्यू मेल: पाठवायचा का, कुणाला आणि त्यात लिहायचं काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा सांगलीकडचा, डिप्लोमा मेकॅनिकल, चार वर्षं क्वालिटीत काढलीत, आज बुधवारी चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत इंटरव्ह्यू झाला. समोर दोघं होते, प्लांट हेड आणि क्वालिटीच्या मॅडम, पाऊण तास चालला, नंतर प्रॉडक्शन लाइनवर पण फिरवून आणलं, पण गेज आर अँड आरच्या (मापांत दिसणाऱ्या फरकातला किती टक्के फरक मोजण्यामुळेच येतो ते तपासणं) प्रश्नाला गाडी अडली. आता एक मित्र म्हणतोय थँक्यू मेल टाक, दुसरा म्हणतोय आपल्याकडे असलं कुणी करत नाही, मस्का मारल्यासारखं दिसेल. तर पाठवायचा का, कुणाला, त्यात लिहायचं काय, आणि उत्तर नाही आलं तर काय समजायचं.

मी १७ वर्षं एचआरमध्ये आहे, पहिली सहा भोसरीला एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्र्याचे पार्ट बनवायच्या कारखान्यात, तिथे एचआर म्हणजे हजेरी, कँटीनच्या तक्रारी, ग्रॅच्युइटी सगळं एकटी मीच, आणि नंतरची सगळी रिक्रूटमेंटमध्ये. तुला सरळ अरे-तुरे करतेय, माझा भाचा तुझ्याएवढाच आहे.

पाठव. पण आधी एक गोष्ट डोक्यातून काढ, की या मेलमुळे नोकरी लागते. नाही लागत. बऱ्याच ठिकाणी तू गेटवर पास जमा करून बाहेर पडेपर्यंत समोरच्यांनी फीडबॅक शीट भरून माझ्या टेबलावर टाकलेली असते, आणि थँक्यू वाचून कुणी नापासाला पास केलेलं मी तरी पाहिलं नाही. मग उपयोग काय, तर दिवसाला सहा-सात मुलं बघितली की संध्याकाळी चौथ्यात आणि पाचव्यात गल्लत व्हायला लागते, खरं सांगते, मी कोपऱ्यात "निळा शर्ट, कोल्हापूर, जास्त बोलतो" असं लिहून ठेवते नाहीतर नावावरून चेहरा आठवतच नाही. मेल आला की तो चेहरा आणि ते नाव एकमेकांना चिकटतात. आणि दोन मुलं अगदी तुल्यबळ असली, अपेक्षा तीच, नोटीस पिरियड तेवढाच, तर टेबलावर कुणीतरी म्हणतंच, "तो नाही का, त्याने नंतर ते उत्तर पाठवलं होतं". हे माझ्यासमोर चार-पाच वेळा तरी झालंय. बास, एवढीच त्याची ताकद, पण एक मेल टाइप करायला जेवढा वेळ लागतो त्या मानाने वाईट नाही.

तुझे दोन्ही मित्र आपापल्या जागी बरोबर आहेत. अमेरिकेत हा पक्का रिवाज आहे, २४ तासांच्या आत मेल, पूर्वी तर हाताने लिहिलेलं कार्ड पोस्टाने जायचं, आणि तिथे नाही पाठवला तर काही मॅनेजरांना ते खटकतं सुद्धा. जपानमध्ये पण कॉलेज संपवून नोकरी शोधणारी मुलं त्याच दिवशी आभाराचा मेल करतात. आपल्याकडे असा रिवाज नाही, त्यामुळे न पाठवल्याचे मार्क कुणी कापत नाही. आणि आपलं आभार मानायचं गणितच वेगळं आहे ना, जवळच्या माणसाला थँक्यू म्हटलं की तो चिडतो, "मला परका समजतोस काय", आणि धन्यवाद म्हटलं की डोळ्यापुढे येतं ते सभेच्या शेवटचं आभारप्रदर्शन, मंडपवाले, माईकवाले, चहावाले, आणि अनवधानाने कुणाचं नाव राहिलं असल्यास क्षमस्व. लोक खुर्च्या सरकवून उठायला लागलेले असतात तेव्हा.

आमच्याकडे येणारे बरेचसे मेल असेच आभारप्रदर्शन असतात. आपण आपला अमूल्य वेळ दिलात, आपल्या नामांकित संस्थेत, मला संधी मिळाल्यास मी शंभर टक्के देईन. यातलं एक वाक्य उचलून दुसऱ्या कुठल्याही कंपनीला पाठवलं तरी चालेल, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीत कळतं. हल्ली चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेले येतात ते अजून चकचकीत, प्रत्येकात चर्चा "इनसाइटफुल" झालेली असते आणि प्रत्येक जण आमच्या व्हिजनने भारावलेला असतो, आता आमची पत्रे कापायची कंपनी, व्हिजन आम्हालाच विचारून सांगावं लागेल. स्पेलिंग तपासायला वापर की, त्यात काही गैर नाही. पण मजकूर तुझा पाहिजे, कारण त्या पाऊण तासात खोलीत तू होतास.

दुसरा प्रकार वाचताना मला खरंच त्रास होतो. घरची परिस्थिती. वडिलांचं ऑपरेशन, बहिणीचं लग्न, एज्युकेशन लोन, "सर तुमच्या हातात आहे, मी आयुष्यभर ऋणी राहीन". खोटं नसतं ते, मला माहितीये, मी पण दोन खोल्यांच्या घरातूनच आलेय. पण वाचणारा माणूस अवघडतो, त्याला निवड करायची असते आणि तू त्याच्याकडून उपकार मागतोयस असं होऊन बसतं, मग तो ते अवघडलेपण टाळायला मेलच बंद करतो. हे लिहू नकोस. नोकरीची गरज सगळ्यांना असते हे त्यांना माहिती आहे.

आता लिहायचं काय. माझ्या मते चांगला मेल म्हणजे खोलीत जे बोलणं झालं त्याचा राहिलेला तुकडा. तू म्हणतोस गेज आर अँड आरला अडखळलास, अरे मग तुला विषय मिळालाच की! बाकीच्यांना थँक्यू लिहायला काहीतरी शोधावं लागतं. बहुतेक मुलं अडखळलेल्या प्रश्नाबद्दल गप्प बसतात, वाटतं की आठवण करून दिली तर अजून वाईट. ते शीटवर लिहिलेलं असतंच रे. तू नीट उत्तर पाठवलंस तर निदान हे दिसतं की मुलगा घरी जाऊन बघतो, सोडून देत नाही, आणि क्वालिटीच्या माणसात दुसरं पाहिजे काय.

साधारण असं, मराठीत लिहून दाखवते, तुझा जाईल इंग्लिशमध्ये, ते तुझ्या नेहमीच्या इंग्लिशमध्येच कर, एकदम शेक्सपिअर व्हायला जाऊ नको.

विषय: क्वालिटी इंजिनियर, बुधवारचा इंटरव्ह्यू, पुढे तुझं पूर्ण नाव.

"नमस्कार मॅडम, आज इंटरव्ह्यूनंतर तुम्ही मला लाइनवर नेऊन फायनल इन्स्पेक्शन दाखवलंत त्याबद्दल धन्यवाद, त्यामुळे काम नेमकं काय आहे ते कळलं. गेज आर अँड आरच्या प्रश्नाला मी नीट उत्तर देऊ शकलो नाही. १० टक्क्यांच्या खाली असेल तर मापनपद्धत चालते, १० ते ३० च्या मध्ये त्या मापाचं महत्त्व आणि सुधारणेचा खर्च बघून ठरवायचं, ३० च्या वर गेलं तर ती पद्धत वापरायची नाही, आधी सुधारायची. आमच्याकडे बोअर गेजचं २० च्या पुढे आलं होतं, तपासल्यावर गेज ठीक निघाला, ऑपरेटर बदलला की धरायची पद्धत बदलत होती, साधं फिक्श्चर केल्यावर फरक कमी झाला. हे उदाहरण तेव्हाच द्यायला हवं होतं. तुम्ही दुसऱ्या शिफ्टच्या रिजेक्शनबद्दल बोललात, तशा कामात मला रस आहे. अजून काही माहिती लागली तर कळवा." खाली नाव आणि मोबाईल नंबर. संपलं.

यात बोअर गेजचं (भोकाचा आतला व्यास मोजायचं उपकरण) उदाहरण मी माझ्या मनाने घातलंय, तुझ्याकडे जे खरंच घडलं तेच लिही, कारण दुसऱ्या राउंडला त्याच्यावरच प्रश्न येणार आणि क्वालिटीवाली माणसं एका प्रश्नावर थांबत नाहीत, का, का, का करत पाचव्या का पर्यंत जातात, तुला माहितीच आहे. आणि उत्तर सापडलं नसेल तर ओढून ताणून देऊ नको, लाइनवर जे बघितलंस त्यातलं एखादं लिही. तेही नसेल तर दोन ओळींचं साधं धन्यवाद पण चालतं, त्याने काही बिघडत नाही.

बघ यात "थँक्यू" एकदाच आलंय. पगाराचा विषय नाही, "कधी कळवाल" नाही. मोबाईलच्या स्क्रीनवर एका नजरेत मावेल एवढाच ठेव, प्लांट हेड मेल बघतो तो लाइनवर उभ्याउभ्या.

एक फार महत्त्वाचं, विशेषतः तुमच्या फील्डमध्ये. मेलला काही जोडू नकोस. एकदा आमच्याकडे एक मुलगा खरंच चांगला होता, सगळ्यांना आवडला होता, त्याने इंप्रेशन मारायला थँक्यू मेलसोबत त्याच्या तेव्हाच्या कंपनीचा अख्खा एट-डी रिपोर्ट (तक्रार का आली आणि कशी सोडवली याचा आठ टप्प्यांचा अहवाल) पाठवला, कस्टमरचं नाव, पार्टचं ड्रॉइंग, रिजेक्शनचे आकडे सगळं उघडं. आमचे क्वालिटी हेड म्हणाले, काम सुंदर केलंय पोराने, आणि उद्या आपला पण असाच बाहेर पाठवेल. नाही घेतला. पीपॅपच्या फायली (पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायची कागदपत्रं), कंट्रोल प्लॅन, ऑडिट रिपोर्ट, यातलं काहीही बाहेर जाता कामा नये, त्यांनी स्वतः मागितलं तरी नमुना म्हणून आकडे-नावं काढून नवीन बनवून दे. त्याच्याच जोडीला दुसरं, मेल आत्ताच्या ऑफिसच्या आयडीवरून पाठवू नकोस. हसू नको, येतात असे, खाली आत्ताच्या कंपनीचा लोगो आणि तो लांबलचक गोपनीयतेचा मजकूर सकट. कंपनीचा मेल कंपनी बघू शकते, आणि आम्हाला पण दिसतं की हा कंपनीच्या वेळेत कंपनीच्या मेलवरून दुसरीकडे नोकरी शोधतोय.

आयडी वरून आठवलं, कॉलेजात काढलेला रॉकिंग, किंग, प्रिन्सवाला आयडी असेल तर नावाचा नवीन काढून घे.

कुणाला पाठवायचा. ज्याने प्रश्न विचारला त्याला, म्हणजे तुझ्या बाबतीत क्वालिटीच्या मॅडमना, आणि प्लांट हेडना वेगळा दोन ओळींचा. तोच मजकूर दोघांना नको, ते एकाच केबिनमध्ये बसतात आणि एकमेकांना दाखवतात. एकाने तर तिघांना एकच मेल कॉपी-पेस्ट केला आणि तिघांनाही पहिल्याचंच नाव घालून, आमच्या पॅनेलला दिवसभराची करमणूक झाली. मॅडमना "डिअर सर" पण नको, मला स्वतःला आजवर किती "रिस्पेक्टेड सर" आलेत त्याची गणती नाही. आणि आडनावाचं स्पेलिंग नीट बघ, चौधरी चार-पाच तऱ्हांनी लिहितात, क्षीरसागर आणि वैशंपायनांचं तर विचारूच नको, इन्व्हाइटमध्ये किंवा व्हिजिटिंग कार्डवर जसं आहे तसं अक्षर न अक्षर.

मेल आयडीच नसेल तर? ऑनलाइन इंटरव्ह्यू असेल तर कॅलेंडर इन्व्हाइटमध्ये बहुतेक वेळा सगळ्यांचे आयडी दिसतात. समोरासमोर असेल तर उठताना विचारायचं, "काही पाठवायचं राहिलं तर कुठे पाठवू", यात कुणाला काही वाटत नाही. तू विचारलं नाहीस बहुतेक, तर मग ज्या एचआरने बोलावलं तिला मेल कर आणि लिही की हे मॅडमपर्यंत पोचवाल का, आम्ही फॉरवर्ड करतो, खरंच करतो. आडनाव, टिंब, कंपनीचं नाव असा अंदाज लावून आयडी बनवू नको, चुकीच्या माणसाला गेला तर विचित्र दिसतं आणि बरोबर गेला तर त्याहून विचित्र. कन्सल्टन्सीमार्फत गेला असशील तर आधी त्यांना विचार, थेट संपर्क केलेला त्यांना अजिबात आवडत नाही, त्यांचा पैसा अडकलेला असतो त्यात. कँपसवाल्यांनी प्लेसमेंट सेलमधूनच.

व्हॉट्सअ‍ॅपचं म्हणशील तर एचआरची मुलगी तुझ्याशी आधीपासून त्यावरच बोलत असेल, लोकेशन वगैरे तिने तिथेच पाठवलं असेल, तर तिला एक ओळ टाकायला हरकत नाही. प्लांट हेडचा नंबर कुठून तरी मिळवून त्यांना मेसेज टाकू नकोस. आणि कुणालाही दुसऱ्या दिवसापासून गुलाबाच्या फुलाचं गुड मॉर्निंग नको. मी गंमत करत नाहीये.

छोटी कंपनी असेल, मालकानेच इंटरव्ह्यू घेतला असेल, सगळं बोलणं मराठीत झालं असेल, तर मराठीत मेल किंवा सरळ दुसऱ्या दिवशी एक फोन, दोन मिनिटांचा, जास्त चांगला. एमआयडीसीतल्या अशा खूप मालकांचा मेल अकाउंटंट उघडतो.

कधी, तर आज संध्याकाळी. नेहमी मी म्हणते त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी, पण चाकण-भोसरीकडे बऱ्याच कंपन्यांना गुरुवारची सुट्टी असते, आणि शुक्रवारी सकाळी आल्या आल्या दीड दिवसाचे मेल तुंबलेले असतात, त्यात तुझा खाली गाडला जाणार. आज नऊच्या आत जमत असेल तर आज, नाहीतर लिहून ठेव आणि शुक्रवारी सकाळी साडेनऊला शेड्यूल कर. आयटीवाल्यांनी हाच हिशोब शनिवार-रविवारचा करावा, शनिवारी वॉक-इन झालं तर सोमवारी सकाळी. रात्री दीड वाजता पाठवलेला मेल बघून लोकांना काळजी वाटते. आणि जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन अनडू सेंड ३० सेकंदांवर करून ठेव, मुळात ते ५ सेकंदांवरच असतं, आणि नावाची चूक नेमकी सातव्या-आठव्या सेकंदाला दिसते.

सरकारी भरतीत मात्र यातलं काहीही करायचं नाही. आयोग, बँका, सरकारी कंपन्या, यांच्या जाहिरातीत बहुतेक वेळा स्पष्ट ओळ असते की कुठल्याही प्रकारे कॅनव्हासिंग, म्हणजे निवडीसाठी वशिला किंवा दबाव आणायचा प्रयत्न, केलं तर उमेदवार अपात्र, आणि मुलाखत मंडळातल्या सदस्याला मेल करणं त्यात बसवता येतं. तिथे बाहेर पडताना नमस्कार करायचा आणि घरी यायचं.

आता न निवडल्यावरचा मेल, याबद्दल तू विचारलं नाहीस पण मला विचारशील तर पहिल्यापेक्षा हा जास्त कामाचा आहे आणि हा जवळजवळ कुणीच लिहीत नाही. आपल्याकडे नोटीस पिरियड ६० दिवस, ९० दिवस, आणि या काळात ऑफर घेतलेला माणूस दुसरी ऑफर शोधून त्याच्या जोरावर तिसरी मिळवतो, आणि जॉइनिंगच्या दिवशी सकाळी फोन बंद. दर वर्षी होतं हे, लाज वाटत नाही कुणाला. मग मॅनेजर माझ्या डोक्यावर बसतो की लाइन चालू झाली, माणूस कुठाय, आणि मी जुनी शीट काढते. तीन वर्षांपूर्वी असंच झालं, दुसऱ्या नंबरच्या मुलाला आम्ही "नाही" कळवलं होतं तेव्हा त्याने दोनच ओळी लिहिल्या होत्या, कळवल्याबद्दल धन्यवाद, बहुतेक ठिकाणी कळवत पण नाहीत, पुढे कधी जागा निघाली तर मला नक्की विचारा. साडेतीन महिन्यांनी पहिला गायब झाला, मी नावसुद्धा न शोधता त्या मेलला रिप्लाय दाबला. तिसऱ्या नंबरचा मुलगा कदाचित याच्याहून बरा असेल, पण त्याने नकार आल्यावर मला फोन करून पॅनेल कसं फिक्स होतं ते ऐकवलं होतं. तोही माणूसच आहे, रागात बोलला असेल, पण मी कशाला परत फोन करतेय त्याला.

आणि दुसरीकडे तुझं झालं आणि इथलं नको असेल तर तसंही एका ओळीत कळव. क्वालिटीचं जग फार छोटं आहे, आजच्या मॅडम उद्या तुझ्या नवीन कंपनीत कस्टमर म्हणून ऑडिटला आल्या तर आश्चर्य वाटून घेऊ नको.

राहिलं उत्तराचं. बहुधा येणार नाही, आणि त्यावरून काहीच समजू नकोस. मी स्वतः चांगल्या मेलला पण उत्तर देत नाही, कारण "वाचून छान वाटलं" लिहिलं तरी मुलाला वाटतं सिलेक्शन झालं, आणि वरून अप्रूव्हल यायचं असतं, बजेट अडकलेलं असतं, कधी जागाच होल्डवर जाते, मग ते माझ्या अंगाशी येतं. त्यांनी कळवायची काही तारीख सांगितली असेल तर ती उलटून दोन-तीन कामाचे दिवस जाऊ दे, मग त्याच मेलच्या खाली एचआरला एक ओळ, की त्या पोस्टचं काही ठरलं का. तारीख सांगितलीच नसेल तर आठ-दहा दिवसांनी. रोज "सर एनी अपडेट" केलं तर आम्ही नंबर सेव्ह करतो, पण कुठल्या नावाने ते विचारू नको.

बाकी आत्ता साडेसात वाजलेत, आधी त्या मॅडमचं आडनाव नीट बघ आणि मग लिहायला बस.